पाहुणे लेखक येण्याआधी गावाने पुस्तक वाचलेलं हवं: पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण साहित्य संमेलनाची तयारी

पुण्यात १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, ते ग्रंथकारांनी एकत्र यावं म्हणून. गावातल्या संमेलनाचं कारण वेगळं असतं. इथे लेखक तीन-चारच येतात आणि समोर अडीच-तीनशे माणसं बसतात. या माणसांनी पाहुण्याचं एक अक्षरही वाचलेलं नसेल, तर दिवसभर सत्कार होतात, भाषणं होतात, जेवणं उठतात आणि संध्याकाळी मांडव सुटतो. वाचलेलं असेल तर मात्र प्रश्न येतात आणि लेखकाला कागद बाजूला ठेवून बोलावं लागतं. म्हणून खालच्या सगळ्या तयारीत मांडवापेक्षा वाचनाला जास्त जागा दिली आहे. अंदाज एका दिवसाच्या, साधारण ३०० श्रोत्यांच्या संमेलनाचा धरला आहे.

तारीख: चार महिने आधी

पुणे जिल्ह्यात सोयीचा काळ म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. त्याआधी जुन्नर, आंबेगाव, खेडकडे कांदालागवडीची घाई असते. डिसेंबरात पुण्यात पुस्तक महोत्सव असतो, त्यामुळे प्रकाशक आणि विक्रेते गावाकडे यायला मोकळे नसतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून बारावीची आणि पाठोपाठ दहावीची परीक्षा लागते, तेव्हा शाळेचं आवारही मिळत नाही आणि शिक्षकही. चैत्रापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सगळ्यांनाच हवा असतो, पण त्या दिवशी चांगला वक्ता मोकळा सापडणं अवघड, आणि सापडला तर तो त्याच दिवशी आणखी दोन कार्यक्रमांना जायच्या गडबडीत असतो. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा त्यापेक्षा बरा.

वार शक्यतो रविवारच धरावा, पण कोणताही वार ठरला तरी कॅलेंडरसोबत पंचांगही उघडावं. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या रस्त्याला गाडी घालू नये. अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच ठिकाणं आपल्या जिल्ह्यात आहेत, तेव्हा संकष्टीला, त्यातही अंगारकीला, त्या बाजूची वाहतूक तुंबते. १ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाच्या अभिवादनासाठी मोठा समुदाय येतो आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवली जाते, त्यामुळे शिरूरकडच्या गावांनी तो दिवस टाळावा. अखिल भारतीय संमेलनाच्या तारखाही आधी पाहाव्यात. आणि गावात त्या दिवशी किती लग्नं आहेत, हे आचारी आणि मांडववाला यांनाच पहिलं विचारावं. त्यांच्या वहीत ते आधीच लिहिलेलं असतं.

तारीख ठरली की ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेच्या आवारासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती, आणि ध्वनिक्षेपक व दिंडीसाठी पोलीस ठाण्याकडे अर्ज, हे तीन कागद हवेत. पोलिसांकडचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी जावा. वर्गणी जमवायची असेल तर नोंदणीकृत संस्थेच्या, म्हणजे बहुतेक वेळा गावच्या वाचनालयाच्या, पावतीपुस्तकावर जमवावी. अशी संस्था नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी आधी काढावी. नुसत्या वहीवर पैसे गोळा केले की पुढच्या वर्षी संमेलनाऐवजी हिशोबाचीच चर्चा होते.

कोणाला बोलवायचं

चार पाहुणे पुरेत: अध्यक्ष, मुलाखतीसाठी एक लेखक, एक कथाकथनकार आणि कविसंमेलन सांभाळणारा एक कवी. नाव टीव्हीवर दिसतं का, हे निवडताना मनात आणू नये. पहिला प्रश्न असा असावा: यांचं कोणतं पुस्तक आपलं गाव दोन महिन्यांत वाचू शकेल? १२० ते १८० पानांचं, आज छापून उपलब्ध असलेलं, किंमत आवाक्यात असलेलं पुस्तक ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच मुलाखतीला बोलवावं. पुस्तक उपलब्ध आहे का हे प्रकाशकाला फोन करून विचारावं. दुकानाच्या यादीत नाव असतं आणि आवृत्ती दोन वर्षांपूर्वीच संपलेली असते. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली तर हे अर्ध्या दिवसात कळतं.

पाहुणे ठरवायला महाराष्ट्र साहित्य परिषदेची तालुक्यातली शाखा, जवळच्या महाविद्यालयाचा मराठी विभाग आणि शेजारच्या गावात आधी संमेलन केलेली मंडळी, या तिघांचा सल्ला घ्यावा. शेजारच्या गावाला एकच विचारावं: कोण वेळेवर आलं आणि कोण दिलेल्या वेळेत थांबलं?

निमंत्रण फोनवर देऊन मोकळं होऊ नये. फोननंतर दोन दिवसांत पत्र जावं, आणि त्यात तारीख, गाव, तालुका, स्वारगेट किंवा वाकडेवाडीहून अंतर, विषय, किती मिनिटं, समोर कोण बसणार, गाडी कोण पाठवणार, मुक्कामाची सोय, चित्रीकरण करणार का आणि मानधनाचा आकडा, एवढं सगळं असावं. आकडा लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. ‘यथाशक्ती’, ‘पत्रपुष्प’ असे शब्द वापरून तो झाकला जातो आणि मग दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखं होतं. मांडववाल्याला आपण ठरवून पैसे देतो, तर दोन दिवस घालवून येणाऱ्या लेखिकेलाही ठरवूनच द्यावेत. जमणार असेल तेवढंच लिहावं, पण लिहावं. रक्कम दुपारच्या जेवणाआधी थेट खात्यात जमा करावी. व्यासपीठावर पाकीट देऊ नये. खर्चाचा अंदाज करतानाही मानधन आणि प्रवास हे पैसे आधी बाजूला काढून ठेवावेत. फ्लेक्स आणि हार शेवटी, उरलेल्यातून.

वाचन: आठ आठवडे आधी

मुलाखतीच्या लेखकाचं पुस्तक ठरलं की त्याच्या १५ प्रती एकदम घ्याव्यात. प्रकाशकाकडून घेतल्या तर सवलत मिळते. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानाला एक जाड कार्ड चिकटवावं: वाचणाऱ्याचं नाव, पुस्तक कधी आलं, कधी गेलं आणि ‘लेखकाला काय विचारायचं आहे?’. एका घरी एक प्रत आठ दिवस. हिशोबाने १५ प्रती आठ आठवड्यांत १२० घरं फिरतील, प्रत्यक्षात त्याच्या निम्मी घरं झाली तरी खूप झालं. निम्मी का? कारण प्रती अडकतात. त्या बहुतेक मानाच्या घरी अडकतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, देवस्थानचे विश्वस्त यांना पहिली प्रत द्यायची पद्धत आहे, पण तिथून मागून घ्यायला कोणी धजत नाही. त्यांना प्रत शेवटच्या आठवड्यात द्यावी. पहिल्या पाच प्रती बचत गटातल्या वाचणाऱ्या बायका, आठवी-नववीतली मुलं आणि वाचनालयाचे नेहमीचे सभासद यांच्याकडे जाव्यात. प्रती फिरवायला एकच माणूस नेमावा, शक्यतो ग्रंथपाल.

सगळ्यांना स्वतः वाचणं जमत नाही. कोणाची नजर अधू, कोणाला वेळ नाही, कोणाचा वाचायचा सराव सुटलेला. पण आपल्या गावांना ऐकायची सवय जुनी आहे. सप्ताहात पारायण चालतं तेव्हा एक वाचतो आणि शंभर ऐकतात. हीच रीत इथे वापरावी. जेवणं उरकल्यावर, रात्री आठनंतर, भजनी मंडळाच्या खोलीत किंवा देवळाच्या ओसरीवर ४० मिनिटांची बैठक घ्यावी. वाचणारे तिघं ठरवावेत, त्यात एक तरी बाई असावी, आणि प्रत्येकाने आपला भाग घरी एकदा मोठ्याने वाचून यावा. आठवड्याला एक बैठक धरली तरी आठ होतात. पहिल्या बैठकीला पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करायचा आग्रह धरू नये. प्रस्तावना आणि संथ सुरुवात यांतच माणसं गळतात. कथा किंवा ललित लेख असतील तर मधला, गावाला आपला वाटेल असा एक निवडून तिथून सुरुवात करावी. कादंबरी याच कारणाने जड जाते: दुसऱ्या बैठकीला आलेल्याला पहिलीचं सांगत बसावं लागतं. पहिल्या वर्षी कथासंग्रहच घ्यावा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. पुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटणं किंवा पीडीएफ गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय ज्या लेखकाला सन्मानाने बोलावलं त्याच्याच पोटावर पाय आहे. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा चारचौघांत वाचायला कायदा आडवा येत नाही, पण संपूर्ण कथा वाचून तिचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल तर लेखी परवानगी हवी. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता मुक्त आहे. सासवडकरांना ज्यांचा अभिमान आहे ते आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

संमेलनाआधी दहा दिवस, तोवर कार्डांवर आलेले प्रश्न एका कागदावर उतरवावेत. सारखे प्रश्न एकत्र करावेत, पण भाषा सुधारू नये. ‘त्या म्हातारीला तुम्ही शेवटी घरी का नाही आणलं?’ असा प्रश्न तसाच राहू द्यावा. हा कागद मुलाखत घेणाऱ्याला द्यायचा, पाहुण्यांना नाही.

दिवसाची आखणी

गावाचं घड्याळ दुधावर चालतं. सकाळी आठपर्यंत डेअरीला दूध घालून होतं आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा धारा असतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्यामुळे अंधार पडल्यावर वाड्या-वस्त्यांवरची माणसं, विशेषतः बायका-मुलं, बाहेर राहत नाहीत. रात्रीचं कविसंमेलन शहरात शोभतं, इथे ते रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं. तेव्हा सगळं ८.१५ ते ५ या वेळेत बसवावं:

८.१५ ग्रंथदिंडी
९.०० मुलांचा आणि दिंडीकऱ्यांचा नाश्ता
९.४५ उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण
११.०० लेखकाची मुलाखत आणि श्रोत्यांचे प्रश्न
१२.३० जेवण
१.४५ कथाकथन
२.४५ कविसंमेलन
४.१५ समारोप

दिंडी एक किलोमीटरच्या आत आणि ४५ मिनिटांत संपावी. पालखीत ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा आणि संविधान ठेवतात, त्यांच्याजवळ यंदा गावाने वाचलेलं पुस्तकही ठेवावं. दिंडीनंतर शाळेच्या मुलांना खुर्च्या भरायला मांडवात डांबून ठेवू नये. उपाशी, उन्हात उभं राहून आलेली मुलं अध्यक्षांच्या भाषणात चुळबुळ करतात आणि मग कोणी तरी माइकवरून त्यांना दटावतं. नाश्ता देऊन लहानांना घरी सोडावं. ज्यांनी पुस्तक वाचलंय ती मोठी मुलं आपणहून थांबतात.

उद्घाटनात वेळ कुठे जातो, ते सगळ्यांना माहीत आहे: सत्कारात. दहा जणांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रत्येकाची ओळख आणि फोटो म्हटलं की माणशी तीन मिनिटं, म्हणजे अर्धा तास मुलाखतीतून गेला. व्यासपीठावर पाचच खुर्च्या ठेवाव्यात. सहावी ठेवली की विसावी मागितली जाते. पाहुण्यांचा सन्मान एकत्र, एकदाच आणि पुस्तक देऊन करावा. वर्गणीदारांची नावं प्रवेशाजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावीत. लोकप्रतिनिधींना उद्घाटनाला बोलवावं, पण पत्रातच लिहावं की कार्यक्रम ९.४५ ला सुरू होईल, आणि तो सुरू करावा. ते उशिरा आले तर दोन सत्रांच्या मधे त्यांचं स्वागत करता येतं. चालू मुलाखत थांबवून कोणाचाही सत्कार करू नये, हे सूत्रसंचालकाला आदल्या दिवशी स्वागताध्यक्षांच्या तोंडून सांगवावं, कारण ऐन वेळी दबाव त्याच्यावर येतो.

मुलाखत हा दिवसाचा गाभा. मुलाखतकाराने लेखकाची किमान तीन पुस्तकं वाचलेली असावीत. सुरुवातीच्या ५० मिनिटांना बारा प्रश्न पुरतात, त्यातले निम्मे गावाच्या कार्डांवरचे घ्यावेत आणि विचारणाऱ्याचं नाव घेऊन विचारावेत. मधे लेखकाला पुस्तकातली दोन पानं वाचायला सांगावीत. ज्या श्रोत्यांनी ती पानं ओसरीवर ऐकली आहेत, त्यांना ती लेखकाच्या आवाजात ऐकताना काय वाटतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं. उरलेली ४० मिनिटं थेट प्रश्नांची. फिरता माइक दोन स्वयंसेवकांच्या हातात असावा, त्यातली एक मुलगी बायकांच्या बाजूला. त्यांनी माइक सोडायचा नाही, विचारणाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा. माइक हातात दिला की प्रश्नाचं भाषण होतं. ‘तुम्हाला लिहायची प्रेरणा कशी मिळाली’ हा प्रश्न पहिला येऊ नये म्हणून पहिले तीन विचारणारे आधीच सांगून ठेवावेत.

कविसंमेलनाला बारा कवी, प्रत्येकी एक कविता, चार मिनिटं. निवेदन धरून तास-सव्वातास होतो आणि पाव तास हाताशी राहतो. तालुक्यातून चाळीस नावं येतात, नाही म्हणवत नाही, आणि शेवटचे पंधरा कवी एकमेकांनाच ऐकवतात. कविता तीन आठवडे आधी मागवाव्यात, तिघांनी वाचून निवडाव्यात, आणि न घेतलेल्यांना स्वतः फोन करून कळवावं. निवडलेल्या स्थानिक कवींनाही निदान प्रवासखर्च द्यावा.

मांडव, आवाज, वीज

३०० खुर्च्या आणि मधली वाट यांना ४० बाय ६० फुटांचा मांडव पुरतो. पुढे सतरंजीवर पन्नास जण बसतात. व्यासपीठ १६ बाय २४ फूट आणि अडीच फूट उंच करावं, पायऱ्यांना कठडा हवाच, कारण पाहुणे बहुतेक ज्येष्ठ असतात. व्यासपीठ मांडवाच्या उत्तरेला ठेवावं. जानेवारीत ऊन दिवसभर दक्षिणेकडून कलतं, ते श्रोत्यांच्या पाठीशी राहतं. पत्र्याच्या सभागृहात शब्द घुमतो. तेच घ्यावं लागलं तर भिंतींना जाड सतरंज्या किंवा पडदे लटकवावेत.

साउंडवाल्याला सांगावं की हे बोलण्याचं काम आहे, गाण्याचं नाही, बेस कमी ठेव. स्पीकर माइकच्या पुढे असावेत, मागे गेले की शिट्टी वाजते. पुढे दोन आणि मांडवाच्या मध्यावर दोन छोटे लावले तर पुढच्यांचे कान न फाडता मागे नीट ऐकू येतं. माइक व्यासपीठावर चार, फिरते दोन, आणि फिरत्यांचे सेल दुपारी न विचारता बदलावेत.

आवाज, दिवे, पंखे मिळून भार सहा-सात किलोवॉटच्या आसपास जातो. त्याला १० ते १५ केव्हीएचा जनरेटर ठेवावा, तोही मांडवापासून शंभर फुटांवर भिंतीआड. शेतीपंपांची थ्री फेज वीज पाळीने मिळते, तिच्या भरवशावर काही जोडू नये. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, आकडा टाकू नये. आवाजाची वायर आणि चहाच्या इलेक्ट्रिक किटलीची वायर एका बोर्डावर आली की मुलाखतीच्या मधोमध बोर्ड उडतो.

पाहुण्यांची ने-आण

प्रत्येक पाहुण्याला एकच सोबती द्यावा, आणि त्याने पाहुण्यांचं पुस्तक वाचलेलं असावं. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन आदल्या रात्री कळवावा. नाशिक रस्त्याला चाकण, नगर रस्त्याला वाघोली, सासवडकडे दिवे घाट: पुण्याहून निघायला सकाळचे ६.३० धरले तरच ९ ला माणूस चहा पिऊन तयार असतो. ज्येष्ठांना आदल्या संध्याकाळीच आणावं. मुक्कामाच्या खोलीत गरम पाणी, खोलीला लागून संडास आणि रात्री नऊनंतर एकांत हवा. भेटायला येणाऱ्यांची रांग सोबत्याने थांबवावी.

मांडवाजवळ स्त्रियांसाठी स्वच्छ, कडी लागणारं आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे संयोजकांपैकी एखाद्या बाईने स्वतः जाऊन पाहावं. शाळेच्या स्वच्छतागृहांना रविवारी कुलूप असतं आणि किल्ली शिपायाबरोबर दुसऱ्या गावी जाते. पाहुण्यांचं पथ्य, मधुमेहाच्या गोळ्या, जेवणाची वेळ आधी विचारावी.

जेवण

पिठलं-भाकरीचा मोह सगळ्यांना होतो. ३०० माणसांना ६०० भाकरी, म्हणजे साधारण ५० किलो ज्वारीचं पीठ आणि दहा चुलींवर दहा बायका, सकाळभर. नेमक्या याच बायकांनी पुस्तक वाचलेलं असतं आणि मुलाखतीच्या वेळी त्या धुरात असतात. असं होऊ देऊ नये. भाकरीच हवी असेल तर शेजारच्या गावातल्या बचत गटाला पैसे देऊन काम द्यावं. नाहीतर आचाऱ्याकडून मसालेभात, मठ्ठा आणि जिलेबी करून घ्यावी: ३० किलो तांदूळ, ४५ लिटर मठ्ठा, १५ किलो जिलेबी. वाढायला तीन ठिकाणं केली तर ४० मिनिटांत सगळ्यांच्या हातात ताट येतं, एकाच ठिकाणी दोन तास लागतात आणि कथाकथनाला निम्मेच परततात. चहाच्या शंभर अर्ध्या कपांना पाच लिटर दूध, पाव किलो चहा पावडर, ८०० ग्रॅम साखर. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे तीस जार मागवावेत.

पुस्तकविक्री

दालन मांडवातून जेवणाकडे जाणाऱ्या वाटेवर असावं, मागच्या कोपऱ्यात नको. विक्रेत्याशी ‘उरलेली परत’ या बोलीवर लेखी चलन करावं. पाहुण्यांच्या पुस्तकांच्या प्रती तीन आठवडे आधी मागवाव्यात, नाहीतर लेखक स्वतःच पिशवी उचलून आणतात. मुलाखतीतल्या पुस्तकाच्या ४० प्रती ठेवाव्यात. शंभर-दीडशे रुपयांच्या आतली पुस्तकं आणि मुलांची पुस्तकं टेबलाच्या पुढच्या कडेला लावावीत. सुटे पैसे भरपूर हवेत, कारण नेटवर्क गेलं की क्यूआर कोड चालत नाही. आदल्या रात्री पुस्तकं मांडली तर ताडपत्रीने झाकावीत, जानेवारीच्या दवाने पानं फुगतात. मुलाखतीनंतर लेखकाला वीस मिनिटं दालनाशी बसवून सह्या घ्याव्यात, मग जेवायला न्यावं.

दुसऱ्या दिवसापासून

चलनाप्रमाणे पुस्तकं मोजून आठ दिवसांत विक्रेत्याचा हिशोब पुरा करावा. जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. पाहुण्यांना आभाराचं पत्र पाठवताना सोबत वेळेअभावी राहून गेलेल्या प्रश्नांचा कागद जोडावा, लेखक त्यांना बहुतेक वेळा उत्तरं देतात. ती आली की वाचनालयात लावावीत. फिरलेल्या १५ प्रतींपैकी पाच वाचनालयाच्या दाखलखात्यावर चढवाव्यात, पाच शाळेला आणि उरलेल्या पाच संमेलन करू पाहणाऱ्या शेजारच्या गावाला द्याव्यात. कार्डं काढून ठेवावीत. कोणत्या घरात पुस्तक दोन दिवसांत वाचून झालं, हे त्यावर दिसतं, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पाच प्रती त्याच घरी जायच्या असतात.